नोकरी सांभाळून ग्रंथालयशास्त्रात पीएचडी : विषय आपल्या देवघेवीच्या नोंदींत शोधावा

गडहिंग्लज परिसरातील एका वरिष्ठ महाविद्यालयात ११ वर्षे ग्रंथपाल असलेल्या एका भगिनींचे पत्र आले आहे. ग्रंथालय आणि माहितीशास्त्रातील पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे आहे, सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा त्या उत्तीर्ण आहेत आणि आता नोकरी सांभाळून पीएचडी करावी असे त्यांच्या मनात आहे. त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत : ही पदवी करावी का, तिला किती वर्षे लागतील, ‘कोल्हापूर जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालयांतील ई-संसाधनांचा वापर : एक अभ्यास’ हा विषय (ई-संसाधने म्हणजे संगणकावरून वाचायची पुस्तके, नियतकालिके, माहितीसंच) चालेल का आणि प्रश्नावली किती जणांकडून भरून घ्यावी. कोल्हापुरात आधी ग्रंथालयाच्या कामात आणि नंतर संशोधन मार्गदर्शनात मिळून माझी ३० वर्षे गेली आहेत. शेवटच्या दोन प्रश्नांवर मी अधिक लिहिणार आहे, कारण उमेदवारांची वर्षे वाया जाताना मी पाहिली ती बहुधा तिथेच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘करावी’ असे आहे, पण कशासाठी हे आपल्या मनाशी स्पष्ट असले पाहिजे. महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा सेट पुरेशी असते आणि ती पायरी आपण ओलांडलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार विद्यापीठातील उपग्रंथपाल आणि ग्रंथपाल या पदांसाठी मात्र पीएचडी आवश्यक आहे. त्या वाटेने जायचे असेल तर पदवीला पर्याय नाही. तसा विचार नसेल, तर केवळ नावामागे ‘डॉ.’ लागावे म्हणून पाच-सहा वर्षांचे रविवार खर्च करणे मला योग्य वाटत नाही. तिसरे एक कारण असू शकते आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. ११ वर्षे रोज त्याच दालनात बसताना एखादा प्रश्न आपल्याला सतत सतावत असेल आणि त्याचे उत्तर कोणाकडेच नसेल, तर ते शोधण्याची शिस्त आणि मुभा या पदवीमुळे मिळते.

आता नियम. आयोगाचे पीएचडीसंबंधीचे सध्याचे विनियम नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार कोर्सवर्क धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षांचा कालावधी आहे, पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. एकूण कालावधी १० वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी मिळते. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात आणि आरक्षित प्रवर्गांना त्यात ५ टक्के सूट आहे. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा भाग सक्तीचा आहे. अर्धवेळ पीएचडीला या विनियमांत स्पष्ट मान्यता आहे, पण आपल्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात संशोधनाला वेळ मिळेल, तसेच गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल, असे लिहिलेले असावे लागते. हे प्रमाणपत्र प्रवेशाच्या घाईत मागू नका. संस्थाचालकांची बैठक दोन-तीन महिन्यांतून एकदा होते आणि त्या एका कागदासाठी एक संपूर्ण वर्ष हुकल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत. जून २०२४पासून नेटचा निकाल पीएचडी प्रवेशासाठीही धरला जातो. सेटधारकांसाठी काय तरतूद आहे हे ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीच्या विद्यापीठाच्या जाहिरातीतच वाचावे, मित्रमंडळींच्या सांगण्यावर जाऊ नये. शिवाजी विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. एक दिवस रजा टाकून तिथे प्रत्यक्ष जाऊन बोललात, तर दहा फोनांचे काम होईल.

आता विषयाकडे येतो. आपण सुचवलेला विषय मी नाकारत नाही, पण तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ‘शोधगंगा’ या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या प्रबंधसंग्रहात जाऊन ‘ई-संसाधनांचा वापर’ एवढेच शब्द इंग्रजीतून शोधून पाहा. जिल्ह्याचे नाव, विद्याशाखेचे नाव आणि वर्ष बदललेले, पण आत तेच पाच प्रकरणांचे, तेच तक्ते असलेले आणि शेवटी ‘वापरकर्त्यांना प्रशिक्षणाची गरज आहे’ या निष्कर्षावर येऊन थांबणारे प्रबंध एकापाठोपाठ एक दिसतील. ही त्या संशोधकांवर टीका नाही; माझा स्वतःचा प्रबंध त्याच जातीचा होता, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

त्या प्रबंधासाठी मी ६०० प्रश्नावल्या छापून १४ महाविद्यालयांत दिल्या होत्या. एका महाविद्यालयातून ४० प्रश्नावल्यांचा गठ्ठा दोनच दिवसांत परत आला. इतक्या तत्परतेचे मला कौतुक वाटले. रात्री जेवणानंतर जमिनीवर त्या पसरून मोजायला बसलो, तेव्हा दिसले की चाळीसच्या चाळीस प्रश्नावल्यांवर हिरव्या शाईची एकाच वळणाची टिकमार्क होती, खालचे टोक किंचित डावीकडे ओढलेले. कोणीतरी मला मदत करायची म्हणून एका बैठकीत ४० विद्यार्थ्यांची उत्तरे लिहून टाकली होती. त्या मी बाजूला काढल्या. पण त्या रात्रीपासून एक विचार पाठ सोडीना : उरलेल्या प्रश्नावल्या वेगवेगळ्या पेनांनी भरलेल्या आहेत, पण त्या तितक्याच विचाराने भरलेल्या आहेत हे कशावरून? पडताळा घ्यावा म्हणून मी त्याच महाविद्यालयांपैकी एकाची देवघेव नोंदवही, म्हणजे कोणी कोणते पुस्तक कधी नेले याची वही, मागितली. प्रश्नावलीत ‘मी आठवड्यातून किमान दोनदा ग्रंथालयातून पुस्तक नेतो’ असे सांगणारे बहुसंख्य होते. नोंदवहीत मात्र सत्रातील सगळी गर्दी परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांत होती आणि कितीतरी सभासदांच्या नावापुढे वर्षभरात एकही नोंद नव्हती. माणूस प्रश्नावलीत आपण कसे असायला हवे ते लिहितो. प्रत्यक्षात काय घडले ते नोंदवहीत असते.

म्हणून माझे सांगणे असे की विषय बाहेर शोधू नका. आपल्या देवघेवीच्या टेबलावर, खरेदी केलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या दाखल नोंदवहीत आणि पुस्तकांच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीत तो पडून आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी ते गणित शिकवत असत. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारी त्यांची ‘पंचसूत्री’ १९३१ साली आली. मधली वर्षे त्यांनी ग्रंथालयाच्या प्रत्यक्ष कामात काढली आणि आपल्या शास्त्राचा पाया त्या कामातून घडला.

हे कसे करायचे, ते एका उदाहरणाने दाखवतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या ग्रंथ पडताळणीत मी मदतीला गेलो होतो. अर्थशास्त्राच्या कपाटात एका विषयावरची दोन पुस्तके शेजारी होती. इंग्रजी पुस्तकाच्या १० प्रती होत्या, अभ्यासक्रमात शिफारस केलेल्या, कोऱ्या वासाच्या. त्यांपैकी सातांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. मराठी पुस्तकाची एकच प्रत होती, पाठीला पांढरी कापडी पट्टी लावलेली, आणि चिठ्ठीवर जागा उरली नाही म्हणून तिच्यावर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली. खरेदीची यादी एका भाषेत विचार करत होती आणि विद्यार्थी दुसऱ्या भाषेत अभ्यास करत होते. त्या दोन पुस्तकांत मला एक अख्खा प्रबंध दिसला : ग्रामीण महाविद्यालयांतील ग्रंथखरेदीची भाषा आणि देवघेवीची भाषा यांत किती अंतर आहे, ते कोणत्या विद्याशाखेत अधिक आहे आणि ते कशामुळे पडते. आपल्याकडे कोहा किंवा सोल यांपैकी एखादी संगणकप्रणाली असेल, तर पाच वर्षांची देवघेव काही तासांत तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येते. अशी माहिती भारतातील अनेक महाविद्यालयांत साठून आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही.

कोल्हापूरपुरते बोलायचे तर आणखी तीन वाटा मला मोकळ्या दिसतात. पहिली इतिहासाची. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रासचा प्रसिद्ध कायदा त्यानंतर १९४८ साली आला आणि महाराष्ट्राचा १९६७ साली. आपल्या जिल्ह्याचा हा मान पाठ्यपुस्तकांत एका ओळीत येतो आणि तिथेच संपतो. तो कायदा कोणत्या विचारातून आला, त्याचा अंमल कितपत झाला, १९४९ साली संस्थान विलीन झाल्यावर त्याचे काय झाले, महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय कर का आला नाही, हे सगळे दप्तरांतून शोधण्याचे काम आहे. कोल्हापूरचे पुरालेखागार त्यासाठी हाताशी आहे आणि १८५० सालापासूनची परंपरा असलेले करवीर नगर वाचन मंदिर याच शहरात आहे. या वाटेने जाणाऱ्याला जुनी सरकारी मराठी वाचण्याची सवय लागेल आणि मागे जायचे झाल्यास मोडीही शिकावी लागेल. सहा महिने मन लावले तर मोडी येते.

दुसरी वाट पुराची. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा आणि कृष्णेच्या पाण्याने शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील गावे वेढली. त्या गावांत अनुदानित वाचनालये आहेत. पाणी चढताना कोणती पुस्तके वर हलवली गेली, दाखल नोंदवही वाचली का, भिजलेल्या पुस्तकांचे काय केले, ती बाद करण्यासाठीचे कागद कसे झाले, नुकसानभरपाई कोणत्या शीर्षाखाली मागितली गेली, हे त्या ग्रंथपालांच्या आठवणीत अजून ताजे आहे. आणखी दहा वर्षांनी ते सांगणारे कोणी नसेल. ही वाट मला सर्वांत निकडीची वाटते आणि कोणी तरुण उमेदवार ती घेईल, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

तिसरी वाट अभ्यासिकांची. आपल्याकडच्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत सकाळी सातला जागा धरून बसणारी मुले स्पर्धा परीक्षेची असतात, आपली पुस्तके पिशवीतून स्वतः आणतात आणि ग्रंथालयाकडून त्यांना हवे असते ते टेबल, दिवा आणि शांतता. सार्वजनिक ग्रंथालयांच्या अ, ब, क, ड या सरकारी वर्गवारीसाठी ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके मोजली जातात. या मुलांची गरज त्या मोजमापात नीट बसत नाही. ग्रंथालय म्हणजे काय, हा मूळ प्रश्नच इथे नव्याने उभा राहतो.

प्रश्नावली किती जणांकडून भरून घ्यावी, या प्रश्नावर आता येतो. क्रेसी आणि मॉर्गन यांचा, किती जणांना विचारावे हे सांगणारा १९७०चा तक्ता आपल्या क्षेत्रात सर्रास वापरला जातो. त्यानुसार ५०० जणांच्या समूहासाठी २१७ आणि १००० जणांसाठी २७८ जणांचा नमुना लागतो. पण हा आकडा तेव्हाच अर्थपूर्ण असतो जेव्हा त्या १००० जणांपैकी प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता सारखी असते. देवघेवीच्या टेबलाशी उभे राहून समोर येणाऱ्या २७८ जणांच्या हातात कागद दिला, तर ग्रंथालयात येणाऱ्यांचाच नमुना मिळतो; जे येतच नाहीत ते सुटतात आणि आपला खरा प्रश्न बहुधा त्यांच्याविषयीच असतो. सभासदांच्या यादीतून यादृच्छिक पद्धतीने नावे काढा आणि मग त्या माणसांना गाठा. यात कष्ट आहेत, परंतु अशा १२० उत्तरांवर मी टेबलावर गोळा केलेल्या ६०० उत्तरांपेक्षा अधिक विश्वास ठेवीन.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचे, याकडेही लक्ष द्या. माझी एक विद्यार्थिनी भुदरगड तालुक्यातील एका वाचनालयात प्रश्नावली घेऊन गेली होती. तिसरा प्रश्न होता, ‘आपण ई-संसाधनांचा वापर किती वारंवारतेने करता?’ रोज सकाळी पेपर वाचायला येणाऱ्या एका आजोबांनी चष्मा वर करून विचारले, “बाई, ह्ये ई-संसाधन म्हंजे मोबाईलच न्हवं?” ती क्षणभर गप्प झाली, कारण त्या आजोबांच्या मोबाईलवर रोज तीन वर्तमानपत्रे वाचली जात होती आणि तिच्या तक्त्यात ते ‘कधीच नाही’ या रकान्यात जाणार होते. तिने त्याच संध्याकाळी सगळी प्रश्नावली बोलीच्या जवळ आणून पुन्हा लिहिली. आपणही १५-२० जणांवर आधी पडताळणी केल्याशिवाय छपाईला देऊ नका. देवघेवीच्या नोंदी वापरणार असाल तर प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या आणि सभासदांची नावे पहिल्याच दिवशी काढून त्यांना क्रमांक द्या. कोणी काय वाचले, हा त्या वाचकाचा खासगी व्यवहार आहे आणि ग्रंथपालाने तो जपलाच पाहिजे.

मार्गदर्शकाविषयी थोडक्यात सांगतो. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे रिक्त जागांची यादी पाहताना वयाचाही हिशेब करा. याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांना भेटा आणि एकच गोष्ट विचारा : लिहून दिलेले प्रकरण सर किंवा मॅडम किती दिवसांत वाचून परत देत असत? मोठे नाव असूनही प्रकरणे महिनोन्महिने टेबलावर ठेवणारे मार्गदर्शक असतात, आणि नाव फारसे कोणाला माहीत नसलेले, पण आठ दिवसांत समासात पेन्सिलीने खुणा करून परत देणारेही असतात. दुसऱ्या प्रकारचे मार्गदर्शक मिळाले तर विषयाशी थोडी तडजोड करायलाही हरकत नाही.

२०२२च्या विनियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती राहिलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र पाहून घ्या. पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला जाऊ नका. अशा नियतकालिकांची यादी करून जगाला सावध करणारे जेफ्री बील हे स्वतः अमेरिकेतील एका विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. आयोगाने २०२५च्या फेब्रुवारीत दर्जेदार नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी बंद केल्याचे जाहीर केले, त्यामुळे चांगले-वाईट ओळखण्याची जबाबदारी आता विभागांवर आणि संशोधकांवर आली आहे. महाविद्यालयातील इतर प्राध्यापक याबाबत सल्ला विचारायला आपल्याकडेच येणार आहेत, हे लक्षात असू द्या. मजकुराच्या साम्याबाबत २०१८चे नियम असे आहेत की १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास प्रबंध सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष थांबावे लागते आणि ६० टक्क्यांवर नोंदणी रद्द होते. वाचलेल्या प्रत्येक लेखाची नोंद झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणकप्रणालीत पहिल्या दिवसापासून ठेवली आणि टिपणे स्वतःच्या शब्दांत मराठीत काढली, तर हे आकडे तपासण्याची वेळच येत नाही. मराठीत काढलेले टिपण इंग्रजीत लिहिताना आपसूक आपले होते.

वेळेविषयी आपण विचारले आहे. नोकरी, घर आणि प्रवास धरून पाच वर्षांचा हिशेब ठेवा. त्यांपैकी माहिती गोळा करण्याची दोन वर्षे सर्वांत आनंदाची असतात आणि लिहिण्याचे वर्ष सर्वांत कठीण जाते. जे पार पडले त्यांनी घरात एक जागा आणि दिवसातील एक तास ठरवून घेतला होता, बहुधा पहाटेचा. ‘सुट्टीत सलग बसून लिहू’ म्हणणाऱ्यांची सुट्टी लग्नांत आणि परीक्षांच्या कामांत गेली.

विद्यापीठाचा अर्ज भरण्याआधी एक काम करा. आपल्या ग्रंथालयातील कोणत्याही एका विषयाचे कपाट निवडा, गेल्या पाच वर्षांत त्या विषयाची खरेदी किती आणि कोणत्या भाषेत झाली ते दाखल नोंदवहीतून उतरवून घ्या, आणि त्यातील प्रत्येक पुस्तक किती वेळा बाहेर गेले ते त्याच्यापुढे लिहा. चार-पाच शनिवार दुपारचे काम आहे. ते आकडे समोर ठेवून आपल्याला काय विचारावेसे वाटते, ते दोन पानांत लिहून मला पाठवा. आराखड्याविषयी आपण त्या दोन पानांवरून बोलू.